झपाटा कुठे जातो?

भंडारा जिल्ह्यात पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला ‘पोहायला कुठे शिकलात?’ असे विचारले, तर उत्तर बहुधा गावच्या तलावाचे, एखाद्या बोडीचे, नाहीतर वैनगंगेच्या घाटाचे येते. शिकवणारा मोठा भाऊ किंवा मामा, साहित्य म्हणजे पाठीला बांधलेला सुका भोपळा नाहीतर रिकामा डबा. जरा हात-पाय चालू लागले की पाळीवरून सूर मारायचा आणि समोरच्या काठाला आधी कोण लागतो ते बघायचे. आजच्या क्रीडाभाषेत त्याला स्प्रिंट म्हणतात. पण ‘शेवटचे कधी पोहलात?’ असे विचारले, तर बहुतेकांना लग्नाआधीचा काळ आठवावा लागतो. पोहणे कुणी विसरत नाही, ते सुटते. सुटताना शरीरातली एक विशिष्ट ताकद सोबत घेऊन जाते, आणि तिची उणीव भासते ती थेट साठीनंतर, ओल्या न्हाणीघरात पाय घसरतो तेव्हा.

ही ताकद म्हणजे झपाटा. किती वजन उचलता येते, किती वेळ चालता येते, हे वेगळे. स्नायूने आपला जोर किती कमी वेळात लावला, हा झपाट्याचा हिशेब. वाढत्या वयात तो कसा कमी होतो आणि किती टिकवता येतो, हे पाहण्यासाठी थोड्या अंतराची शर्यत पोहणाऱ्या वयस्क जलतरणपटूंइतकी चांगली माणसे शोधून सापडणार नाहीत.

सुरुवात आपल्याच राज्यातून करू. कोल्हापूरचा वीरधवल खाडे 2008 साली बीजिंग ऑलिम्पिकमध्ये उतरला तेव्हा तो सतरा वर्षांचाही नव्हता. 2010 च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत त्याने 50 मीटर बटरफ्लायचे कांस्यपदक मिळवले. 1986 साली खजानसिंग यांनी सोलमध्ये रौप्यपदक जिंकले होते, त्यानंतर चोवीस वर्षांनी भारताला आशियाई स्पर्धेत जलतरणाचे पदक मिळाले. पुढे राज्य शासनात तहसीलदार म्हणून नोकरी लागली आणि ऐन उमेदीची काही वर्षे पाण्यापासून दूर गेली. पोहणे संपले, असे अनेकांनी धरून चालले होते. 2018 साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत मात्र त्याने 50 मीटर फ्रीस्टाईलच्या प्राथमिक फेरीत 22.43 सेकंदांची वेळ देऊन स्वतःचाच राष्ट्रीय विक्रम मोडला. अंतिम फेरीत त्याची वेळ 22.47 होती आणि कांस्यपदक गेले 22.46 ला. एक शतांश सेकंद! पुढे 2023 च्या गोव्यातील राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत 50 मीटर फ्रीस्टाईलचे सुवर्ण जिंकून त्याने निवृत्ती घेतली. तेव्हा तो 32 वर्षांचा होता. त्याच स्पर्धेत महिलांची तीच शर्यत त्याची पत्नी ऋजुता खाडे हिने जिंकली.

एका शतांशाचे दुःख त्याच्या एकट्याचे नाही. त्याच बीजिंग ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेची डारा टोरेस 50 मीटर फ्रीस्टाईलमध्ये दुसरी आली, तीही एका शतांश सेकंदाच्या फरकाने: जर्मनीची ब्रिटा स्टेफन 24.06, टोरेस 24.07. तेव्हा टोरेसचे वय 41 होते आणि तिच्या पदरात दोन वर्षांची मुलगी होती. अमेरिकेच्याच अँथनी अर्विनची कथा तर आपल्या खाडेच्या कथेशी जुळते. त्याने 2000 साली सिडनीत 19 व्या वर्षी 50 मीटर फ्रीस्टाईलचे सुवर्ण मिळवले, मग काही वर्षे पोहणेच सोडले, आणि 2016 मध्ये रिओत 35 व्या वर्षी 21.40 सेकंदांत तेच सुवर्ण पुन्हा जिंकले. ब्राझीलच्या निकोलस सांतोसने डिसेंबर 2022 मध्ये मेलबर्नच्या छोट्या तलावाच्या जागतिक स्पर्धेत 50 मीटर बटरफ्लाय जिंकले ते 42 व्या वर्षी. धावण्याच्या 100 मीटर शर्यतीत असे दृश्य दिसत नाही. पाण्यात ते का दिसते, याचे उत्तर थोडे स्नायूंत आहे आणि थोडे खुद्द पाण्यात.

आपल्या स्नायूंत ढोबळमानाने दोन प्रकारचे तंतू असतात. संथ तंतू कमी जोराने पण दीर्घकाळ काम करतात. दिवसभर रोवणी करणारी बाई वाकून उभी राहते ती त्यांच्या बळावर. जलद तंतू क्षणात भरपूर जोर लावतात आणि तेवढ्याच लवकर थकतात. वयाची झळ लागते ती प्रामुख्याने या जलद तंतूंना. ते बारीक होतात. शिवाय त्यांना मज्जारज्जूकडून आज्ञा पोहोचवणाऱ्या चेतापेशी हळूहळू कमी होत जातात. एक चेतापेशी मेली की तिच्या हाताखालचे शेकडो तंतू पोरके होतात. त्यांतले काही शेजारची चेतापेशी दत्तक घेते, पण ती बहुधा संथ तंतूंची मालकीण असते, त्यामुळे दत्तक गेलेला तंतूही संथपणा शिकतो. बाकीचे सुकून जातात. वाढत्या वयात स्नायू झडण्याच्या या प्रक्रियेला अमेरिकी वैद्यकशास्त्रज्ञ आयर्विन रोझेनबर्ग यांनी 1989 साली ‘सार्कोपेनिया’ हे नाव सुचवले. गावाकडे ‘अंग उतरले’ म्हणतात, तेच हे. फरक एवढाच की उतरलेले अंग दिसते, उतरलेला झपाटा दिसत नाही. स्नायूंच्या वस्तुमानापेक्षा ताकद वेगाने कमी होते, आणि ताकदीपेक्षाही वेगाने झपाटा.

मग तो टिकतो कसा? या बाबतीत कॅनडातील काही संशोधकांचे काम लक्षात घेण्याजोगे आहे. आयुष्यभर धावणाऱ्या, साठी ओलांडलेल्या धावपटूंच्या नडगीच्या स्नायूत त्यांनी चालू चेतापेशींची संख्या अंदाजली. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ती तरुणांच्या जवळपास असल्याचे आढळले. त्याच वयाच्या, व्यायाम न करणाऱ्यांत ती स्पष्टपणे कमी होती. पण तशाच धावपटूंचे दंड तपासले तेव्हा असा काही फायदा दिसला नाही. पाय वापरले म्हणून पाय टिकले; हातांना ते संरक्षण आयते मिळाले नाही. हे अभ्यास थोड्याच माणसांवर झालेले आहेत, त्यामुळे त्यांवर मोठे इमले बांधू नयेत. तरी सकाळी बायपासवर तासभर चालून आल्यावर सगळ्या अंगाचा व्यायाम झाला असे मानणाऱ्यांनी त्यांकडे जरूर पाहावे.

पोहण्यात हात, खांदे, पाठ, पोट आणि पाय सगळेच कामाला लागतात. गळ्यापर्यंत पाण्यात उभे राहिले तर तळपायांवर शरीराच्या वजनाचा जेमतेम दहावा भाग येतो, म्हणून झिजलेला गुडघाही पाण्यात तक्रार करत नाही. जमिनीवर जोरात धावताना पाऊल आपटते आणि मांडीमागचा स्नायू ताणलेला असतानाच त्याला झटका बसतो. पन्नाशीचा माणूस मुलांच्या क्रिकेटमध्ये दोन धावा काढायला पळाला की लंगडत परततो तो यामुळेच. पाण्यात हा आपटा नाही. दुसरी गोष्ट अशी, की पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट दाट आहे आणि वेग दुप्पट केला तर पाण्याचा अडथळा साधारण चौपट होतो. त्यामुळे नुसत्या दांडगाईला पाण्यात फारशी किंमत मिळत नाही. डोके किती वर आहे, कंबर बुडते का, पाण्याला पकडताना कोपर खाली पडतो का, यावर सेकंद ठरतात, आणि ही कारागिरी वयाबरोबर गंजत नाही, उलट मुरते. टोरेस आणि सांतोस यांनी चाळिशीत विशीच्या मुलांना गाठले त्यात दंडांइतकाच वाटा या मुरलेपणाचा होता.

आकडेही हेच सांगतात. हिरोफुमी तानाका आणि डग्लस सील्स यांनी 1997 साली अमेरिकेच्या मास्टर्स जलतरण स्पर्धांतील वेळा तपासल्या. 1500 मीटरची कामगिरी पस्तीस-चाळीस वयापासून सत्तरीपर्यंत सरळ रेषेत उतरत जाते आणि नंतर झपकन कोसळते, असे त्यांना दिसले. 50 मीटरची घट मात्र त्याहून सौम्य होती. स्त्रियांत सुमारे पंचाहत्तरीपर्यंत आणि पुरुषांत ऐंशीपर्यंत ती सावकाशच चालली होती. म्हणजे झपाट्याची शर्यत दमाच्या शर्यतीपेक्षा वयाला अधिक चांगली पुरून उरते. हे वाचून जलद तंतूच आधी झडतात या वरच्या विधानाबद्दल शंका येणे साहजिक आहे. पण हे आकडे झपाट्याचा सराव कधी न सोडलेल्या माणसांचे आहेत. सराव सोडलेल्यांचा आलेख कुठल्याही स्पर्धेच्या निकालात सापडत नाही. तो अस्थिरोगतज्ज्ञाकडे खुब्याच्या हाडाच्या एक्स-रेत सापडतो.

‘मास्टर्स’ हा शब्द ऐकून पांढऱ्या केसांची माणसे डोळ्यांसमोर येतात. जलतरणाच्या जागतिक महासंघाच्या नियमांत मास्टर्स गट सुरू होतो तो 25 व्या वर्षी, आणि तिथून पाच-पाच वर्षांचे गट वर चढत जातात. वय मोजले जाते ते स्पर्धेच्या वर्षाच्या 31 डिसेंबरला पूर्ण होणारे. या नियमाची गंमत ऑस्ट्रेलियातील निवृत्त डॉक्टर जॉर्ज कोरोनेस यांनी जगाला दाखवली. फेब्रुवारी 2018 मध्ये ते 99 वर्षांचे होते, पण त्या वर्षअखेर शंभर पूर्ण होणार असल्यामुळे 100 ते 104 या गटात उतरले आणि 50 मीटर फ्रीस्टाईल 56.12 सेकंदांत पोहून त्या गटाचा विश्वविक्रम केला. त्यांनी तरुणपणी, दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर, पोहणे सोडले होते. पुन्हा सुरू केले ते ऐंशीच्या घरात. खाडेचे 22.43 आणि कोरोनेस यांचे 56.12 शेजारी ठेवले तर पाऊणशे वर्षांच्या अंतराची किंमत जेमतेम अडीचपट भरते. जपानच्या मिएको नागाओका यांनी तर गुडघ्याच्या दुखण्यावर उपाय म्हणून 82 व्या वर्षी पोहण्याची कास धरली आणि 2015 मध्ये शंभराव्या वर्षी 1500 मीटर पूर्ण केले. भारतातही जलतरण महासंघ मास्टर्स राष्ट्रीय स्पर्धा भरवतो. तिथे सुवर्णपदक मिळवणाऱ्यांची नावे वर्तमानपत्रात आलीच तर स्थानिक पानाच्या तळाशी येतात, हा आमच्या धंद्याचाही दोष मानावा लागेल.

आता धोक्यांकडे. झपाट्याने पोहणे हे औषध असेल तर त्याची मात्राही असते. बरीच वर्षे बसून घालवलेला, रक्तदाब किंवा मधुमेह असलेला, धूम्रपान करणारा किंवा घरात लवकर हृदयविकाराचा इतिहास असलेला माणूस एकदम जोरात पोहायला लागला तर हृदयावर अचानक ताण येतो. अशांनी आधी डॉक्टरांना दाखवावे. गरजेप्रमाणे ईसीजी आणि ट्रेडमिल चाचणी सांगितली जाईल. नाडीचे गणितही सांभाळून करावे. 220 मधून वय वजा करण्याचे सूत्र सर्वांना पाठ आहे. वर उल्लेख आलेल्या तानाका आणि सील्स यांनी सहकाऱ्यासोबत 2001 साली नवे सूत्र मांडले: 208 मधून वयाचा 0.7 पट वजा करावा. चाळिशीत दोन्हींचे उत्तर 180 येते, पण सत्तरीत जुने सूत्र 150 सांगते आणि नवे 159. तरी ही सरासरी आहे. पाण्यात नाडी काही ठोके कमीच राहते आणि रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गटातली गोळी चालू असेल तर दोन्ही सूत्रे निकामी होतात. तिथे एकच कसोटी उरते: दोन फेऱ्यांच्या मध्ये पूर्ण वाक्य न अडखळता बोलता यायला हवे. इन्शुलिन घेणाऱ्यांनी रिकाम्या पोटी पाण्यात उतरू नये, कारण साखर उतरल्याची लक्षणे पाण्यात लवकर उमगत नाहीत. छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात दुखणे, चक्कर यांपैकी काहीही जाणवले की काठ धरायचा. ‘ही एक फेरी संपवून’ असे म्हणायचे नाही.

सर्वांत फसवा धोका मात्र श्वास कोंडण्याचा आहे. पाण्याखाली जास्त टिकावे म्हणून आधी जोरजोरात श्वास घेण्याची खोड अनेकांना लहानपणापासून असते. त्याने रक्तातला प्राणवायू फारसा वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड मात्र खाली जातो. आणि श्वास घ्यावासा वाटण्याची कळ दाबणारा वायू हाच आहे. परिणामी कळ दाबलीच जात नाही आणि माणूस कोणतीही पूर्वसूचना न मिळता पाण्याखाली बेशुद्ध होतो. कमरेएवढ्या पाण्यात चांगले पोहणारे बुडतात ते असे.

खांद्याचे दुखणे कमी जीवघेणे असले तरी पोहणे सोडायला लावते. चाळिशीनंतर खांद्याभोवतालच्या स्नायूबंधांना रक्तपुरवठा कमी मिळतो, आणि तेच बंध फ्रीस्टाईलच्या प्रत्येक हाताला हाडाखाली चिमटले जाऊ शकतात. त्यासाठी पाण्याबाहेर रबरी पट्ट्याचे हलके व्यायाम आणि अंग नीट वळवण्याचे तंत्र लागते. दुखऱ्या खांद्यावर तेल चोळून तसेच पोहत राहणे हा उपाय नव्हे. हाडांबाबतही एक गैरसमज आहे. पाण्यात वजन पडत नाही म्हणून सांधे सुखावतात, पण त्याच कारणाने हाडे पक्की होत नाहीत. पाळी थांबलेल्या स्त्रियांनी पोहण्याच्या जोडीला जिने चढणे, थोडे वजन उचलणे, जोमदार चालणे ठेवायलाच हवे.

मात्रा किती? बराच काळ न पोहलेल्याने पहिले सहा ते आठ आठवडे संथच पोहावे आणि शैली सुधारून घ्यावी. मग आठवड्यातून दोनदा, अंग गरम झाल्यावर, दहा-पंधरा मीटरची जोरदार झेप चार ते सहा वेळा. दोन झेपांच्या मध्ये श्वास पूर्ण जागेवर येईपर्यंत विश्रांती. अशा दोन दिवसांत किमान 48 तासांचे अंतर हवे, कारण वय वाढले की सर्वांत आधी महाग होते ती झीज भरून काढण्याची क्रिया. विशीतल्या पोराच्या वेळापत्रकाची नक्कल करणारे बहुतेक जण तिसऱ्या महिन्यात खांदा धरून बसतात. मूत्रपिंडाचा आजार नसेल तर साठीनंतर रोज शरीराच्या दर किलो वजनामागे 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिने मिळावीत, असा तज्ज्ञांचा कल आहे. साठ किलोच्या माणसाला 60 ते 72 ग्रॅम. धानाच्या जिल्ह्यात दोन्ही वेळची थाळी भाताने भरते आणि वरण पातळ असते, तिथे हा आकडा सहज गाठला जात नाही. तलावातली मासोळी, अंडी, चणे, दूध-दही यांची जोड देणे भाग आहे.

आणि हे सारे पोहायचे कुठे? मामा तलावांचे म्हणजे माजी मालगुजारी तलावांचे वैभव भंडाऱ्याला लाभले आहे. कोहळी समाजाने ते बांधले आणि ढिवर समाज आजही त्यांवर मासोळी आणि शिंगाडा काढतो. जोराने पोहण्यासाठी मात्र ही जागा नव्हे. गाळ, कमळाचे देठ, शिंगाड्याचे वेल यांत दमलेला माणूस अडकला तर सोडवायला वेळ मिळत नाही. वैनगंगेत रेती उपशाने पडलेले खड्डे काठावरून दिसत नाहीत, आणि चाळीस वर्षांपूर्वी पाठ असलेला घाट आज तोच राहिलेला नसतो. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही हे लागू आहे. किंबहुना त्यालाच जास्त, कारण तो निर्धास्त उतरतो.

म्हणून बांधीव जलतरण तलावाला पर्याय नाही. तो सरकारी असो वा खासगी, त्याचे वेळापत्रक मात्र एकाच समजुतीवर बेतलेले असते: पोहणे ही मुलांनी उन्हाळ्याच्या सुटीत शिकायची गोष्ट आहे. शिबिरे भरतात एप्रिल-मेमध्ये, बॅचची वेळ नोकरदाराच्या ऑफिसची आणि शेतकऱ्याच्या कामाची, आणि स्त्रियांसाठी राखीव तास असलाच तर भर दुपारी. पावसाळा लागला की साराच कारभार थंडावतो. चाळिशीपुढच्या माणसाला आठवड्यातले दोनच दिवस, पण वर्षभर हवे असतात. पहाटे किंवा सायंकाळी एक तास, मोठ्यांसाठी राखलेली एक लेन, काठावर हृदय-श्वसन पुनरुज्जीवन शिकलेला जीवरक्षक, चढ-उतारासाठी कठडा असलेल्या पायऱ्या आणि पाण्यातल्या क्लोरिनची रोजची नोंद. यासाठी नवे बांधकाम लागत नाही, वेळापत्रकाचा कागद बदलावा लागतो. जिल्ह्याच्या क्रीडा आणि आरोग्य विभागांनी एकत्र बसून असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमात हा तास बसवला, तर रक्तदाब तपासणी तलावाच्या काठावरही होऊ शकते. नोव्हेंबरमध्ये, धान घरात आल्यावर, असा वर्ग सुरू केला तर शेतकरी कुटुंबांनाही तो गाठता येईल.